खळगा

परभणीच्या डॉक्टरनं विचारलं,
झोपता कशा?
चंद्रकला म्हणाली, डोळे मिटून.
मी हसलो. डॉक्टर हसला नाही.
उताण्या का पालथ्या, कूस कोणती,
उशी केवढी, हात कुठं असतो?
तिनं माझ्याकडं बघितलं,
रेशन कार्ड माझ्याच खिशात असल्यासारखं.
तेवीस वर्षं एका गादीवर.
मला सांगता आलं नाही.

तिच्या उजव्या हाताला मुंग्या येतात. करंगळी बधिर.
पहाटे पीठ बोटांना कळत नाही,
भाकर परातीतच चिरते.
वेणी घालायला हात वर जातो,
कानापाशी थांबतो, माघारी येतो.

मी मानवतला जिनिंगच्या काट्यावर असतो.
गाडीभर कापसात पाणी किती मारलंय,
कोपरापर्यंत हात घालून सांगतो.

उन्हाळ्यात मस्तानभाई नद्दाफ आला.
आता धनुकली नाही, टेम्पोवर मशीन आहे,
पण उसवायच्या आधी तो गादीवर हात फिरवतो,
पोट दाबून बघावं तसा.
"साहेब, ये तुम्हारी जगा."
मधोमध, ऐसपैस,
म्हैस बसून उठल्यासारखी.
"आन् हे भाभींचं."
कडेला, शिवणीला लागून,
परातीएवढा एक खळगा.
गुडघे इथं. कोपर इथं, दुमडून डोक्याखाली.
तोंड दाराकडं.
"इथली रुई दगड झाली बगा," तो म्हणाला,
आणि कैची चालवली.

अंथरूण पाहून पाय पसरावे.
अंथरूण चार बाय सहा,
तिच्या वाट्याचं फूटभर.
आधी मधे मुंजा निजायचा, आडवा, लाथा झाडत,
तेव्हा ती कडेला सरकली.
मग बापू ओसरीवर खोकायचे,
एक कान वर पाहिजे, म्हणून उजवी कूस.
बापू गेले. मुंजा पुण्याला गेला.
कान वरच राहिला,
नळासाठी.
आमच्या गल्लीत आठव्या दिवशी पाणी,
कधी दोनला, कधी चारला.
आधी नुसती हवा येते, तोटी फुसकारते.
ते फुसकारणं मी कधी ऐकलं नाही.
सकाळी भरलेले हंडे तेवढे बघितले.

शाळेत बाईंनी सांगितलं होतं,
कूस शब्दाचे अर्थ दोन,
एकच लिहिला तर अर्धा मार्क.
मी अर्ध्यावरच पास झालो असणार.

गादी फुगून आली, नव्या खोळीत, अनोळखी.
डॉक्टरनं लिहून दिलेलं:
डावी कूस, गुडघ्यांमधे उशी,
कोपराला टॉवेल गुंडाळा, दुमडू देऊ नका.
टॉवेल मीच गुंडाळला, सैल झाला, परत गुंडाळला.
दाराकडची कड मी घेतली.
ती मधोमध पडली,
पाहुण्याच्या घरी पडल्यासारखी.
"पाय कुठं ठेवू?"
ठेव की कुठंबी, मी म्हणालो.
बराच वेळ कुठंच ठेवले नाहीत.

काठावर झोप येत नसते.
पडेन, पडेन वाटत राहतं,
खांद्यावर सगळा गडी तोललेला.
दीडला कुत्री. अडीचला मालगाडी.
तीनला तोटी फुसकारली,
आणि आम्ही दोघंही उठून बसलो.
निज तू, मी म्हणालो.
"पहिलं पाणी गढूळ येतंय, सोडून द्या."
सोडून दिलं. मग हंडा लावला.

आत आलो तर निजलेली,
सरकत सरकत पुन्हा कडेला,
परातीएवढी,
टॉवेल सुटलेला, हात डोक्याखाली.
मी बसलो. तिचं कोपर सोडवलं,
हळू, एकेक बोट करून.
तळहात गार होता.
तो चोळत राहिलो, किती वेळ कोण जाणे.

बाहेर पाण्याचा आवाज बारीक होत गेला.
मला काही कळलं नाही.
"भरला हंडा,"
ती झोपेतच म्हणाली.